पाळक महिन्यातून एकदा येतात. मधल्या रविवारी लहान मंडळीला धीर कसा द्यावा?

खाडीकाठचा चिटणीस (प्रश्न)

सर्वांना सलाम. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका खाडीकाठच्या गावात आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. घरे पंधराच्या आसपास असून बहुतेक घरांतील कमावती माणसे मुंबईला आहेत, त्यामुळे देवळात बाकांवर बसतात ते मुख्यतः वयस्क स्त्री-पुरुष, काही गृहिणी आणि शाळेत जाणारी मुले. मंडळीला स्वतःचे पाळक नाहीत. आंबा घाटापलीकडून एक पाळकसाहेब महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात, उपासना चालवतात, प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरसाचा विधी) देतात, वेळ मिळाल्यास एखाद्या आजाऱ्याच्या घरी प्रार्थना करतात आणि दुपारची एसटी पकडून परत जातात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की तीही फेरी चुकते. त्यांच्याविषयी आमची तक्रार मुळीच नाही, कारण आमच्यासारख्या आणखी काही मंडळ्या त्यांच्या पदरी आहेत आणि प्रवासाचा त्रास ते हसतमुखाने सोसतात.

अडचण आहे ती मधल्या रविवारांची. शनिवारी संध्याकाळी मला फोन येतात आणि प्रश्न एकच असतो, "उद्या पाळक येणार आहेत ना?" उत्तर नाही असे मिळाले की सकाळी निम्मे बाक रिकामे असतात. आमचे खजिनदार एक स्तोत्र वाचतात, दोन गीते होतात, एक प्रार्थना होते आणि वीस-पंचवीस मिनिटांत वेळ मारून नेल्यासारखी उपासना संपते. गीतांच्या क्रमांकांच्या पाटीवर मागच्या महिन्याचे क्रमांक तसेच राहतात, कारण ते बदलण्याचे काम कोणाचे हे कधी ठरलेलेच नाही. भर म्हणून मे महिन्यात आणि नाताळात मुंबईहून आलेले लोक हे सगळे पाहून "तुमची मंडळी आता थंडावली" असे म्हणून जातात, तेव्हा उरलीसुरली उमेदही जाते.

उपदेश करण्याचे शिक्षण आमच्यापैकी कोणालाही नाही. तरुणांचे म्हणणे असे की, एखाद्या नामवंत उपदेशकाचा व्हिडिओ पडद्यावर लावावा. वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. अशा परिस्थितीत मंडळीचा धीर टिकवण्यासाठी आम्ही साध्या माणसांनी नेमके काय करावे, हे अनुभवी लोकांनी सांगावे, ही विनंती.

निवृत्त पाळक, कोल्हापूरकडील

चिटणीस भाऊ, सलाम. माझ्या सेवेचा बराच काळ अशाच फिरतीत गेला, त्यामुळे तुमचा प्रश्न मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे एसटीतून उतरणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलेला आहे. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ती पाटी वाटते. उपदेश करणारा नाही ही तुमची खरी अडचण नसून, पाळक नसलेल्या रविवारी कोणाकडेच काही काम नाही ही आहे. ज्याच्याकडे काम नाही त्याला यावेसे वाटत नाही, आणि यात त्याच्या विश्वासाला बोल लावण्यात अर्थ नाही.

नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा चौदावा अध्याय आपल्या वडीलवर्गाबरोबर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांबरोबर, एकदा बसून वाचावा. लुस्त्र येथे पौलाला दगडमार झाला, मेला असे समजून लोकांनी त्याला नगराबाहेर ओढून टाकले, आणि तरीही दर्बेपर्यंत जाऊन तो व बर्णबा त्याच लुस्त्राला, इकुन्याला आणि अंत्युखियाला परत आले. परत येऊन त्यांनी शिष्यांची मने स्थिर केली, प्रत्येक मंडळीत वडील नेमले, उपवास व प्रार्थना करून त्यांना प्रभूकडे सोपवले आणि ते पुढे निघून गेले. तेथील विश्वासणारे तुमच्या खजिनदारांपेक्षा कितीतरी नवखे होते. तरीही त्यांच्याजवळ कायमचा उपदेशक ठेवलेला दिसत नाही. त्यांच्यातीलच माणसांवर जबाबदारी टाकलेली दिसते. पुढे पौलाने पत्रे लिहिली, तेव्हा थेस्सलनीकाच्या मंडळीला ते पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवावे असे त्याने बजावले, आणि कलस्सैच्या मंडळीला लिहिलेले पत्र लावदिकीयातही वाचले जावे व तिकडचे इकडे वाचावे असे सांगितले. म्हणजे दूर असलेल्या सेवकाचे शब्द मंडळीतील कोणीतरी उभे राहून वाचायचे, ही पद्धत पहिल्या शतकापासून चालत आलेली आहे. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच माझा सल्ला असा की, कोणीही घाईघाईने स्वतःचा कच्चा उपदेश रचू नये; तुमच्या पाळकसाहेबांकडून किंवा विश्वासू पुस्तकातून निवडलेला एक छोटा संदेश चांगल्या वाचणाऱ्याने आदल्या दिवशी घरी दोनदा वाचून तयार करावा आणि रविवारी सावकाश वाचावा.

उपासनेचा क्रम एका वहीत लिहून कायमचा ठरवून टाकावा: आरंभीचे गीत, आळीपाळीने वाचायचे स्तोत्र, पापकबुली, जुन्या व नव्या करारातील पाठ, संदेश, मध्यस्थीची प्रार्थना, दान, प्रभूची प्रार्थना आणि शेवटचे गीत. प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव आधीच्या रविवारी लिहावे, आणि पाटी बदलण्याचे काम एखाद्या शाळकरी मुलाला द्यावे. वेदीपुढून "आज पाळक नाहीत, म्हणून थोडक्यात आटोपू" असे वाक्य कोणी उच्चारू नये. आलेल्यांसमोर न आलेल्यांना रागे भरण्याची जुनी खोडही सोडून द्यावी, कारण बोलणी ऐकावी लागतात ती नेमकी जो आला त्याला.

मध्यस्थीच्या प्रार्थनेकडे विशेष लक्ष द्या. येथे मंडळी पाळकापेक्षा समर्थ असते. मी महिन्याने येणार, मला कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे, कोणाची मुलगी दहावीला बसली आहे, कोणाच्या आंब्याचा मोहोर अवकाळी पावसाने गळाला, हे ठाऊक नसते. तुम्हाला ठाऊक असते. ज्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना झाली त्याच्या घरी त्याच आठवड्यात दोघांनी जाऊन यावे. मंडळी टिकते ती बहुतांशी या दोघांच्या पायांवर, असे माझे मत इतक्या वर्षांत पक्के झाले आहे.

मर्यादाही पाळावी. प्रभुभोजनाचा विधी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या शिस्तीप्रमाणे दीक्षित प्रेस्बिटरच (पाळकच) चालवतात. १९७० साली ते चर्च स्थापन होण्यापूर्वी आपल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतही तो दीक्षित पाळकांकडेच होता. तेव्हा सदिच्छेपोटीसुद्धा तो आपल्या हाती घेऊ नये. आशीर्वचनाच्या जागी सर्वांनी मिळून करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील शेवटचे वचन "आम्हा सर्वांबरोबर असो" अशा रीतीने म्हणावे.

आता तुमच्या पाळकसाहेबांच्या दिवसाविषयी. ते आले की आधी वही त्यांच्यापुढे ठेवा. कोणी काय वाचले, कोण आजारी, कोण गैरहजर, हे त्यांनी उपासनेपूर्वी पंधरा मिनिटे वडिलांसोबत बसून पाहावे, आणि निघण्यापूर्वी पुढील रविवारांचे शास्त्रपाठ लिहून द्यावेत. मी ज्या मंडळ्यांत जात असे त्यांपैकी जिथे कोणी अशी वही पुढे करी, तिथे माझा उपदेशही आपोआप नेमका होई. दुपारच्या एसटीऐवजी त्यांनी संध्याकाळची गाडी घ्यावी, अशी विनंती करायला संकोचू नका. जेवणासाठी मात्र एकाच सुस्थितीतल्या घरी दर वेळी नेऊ नका. लहान मंडळीत या गोष्टीची नोंद सगळे ठेवतात.

देवगडकडची बहीण

पाळकसाहेबांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी पटल्या, परंतु छापील संदेश वाचण्याविषयी माझे मत वेगळे आहे. आमच्याकडील म्हाताऱ्या बायकांना पुस्तकी मराठीतील अर्ध्या तासाचे वाचन ऐकवले की त्या मान हलवतात आणि घरी जाऊन काहीच सांगू शकत नाहीत. म्हणून आम्ही महिला मंडळात दुसरी पद्धत धरली. शुभवर्तमानातील एक प्रसंग दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी दोनदा वाचायचा, आणि मग चालवणारीने तीन प्रश्न विचारायचे: यात काय घडले, येशूने काय केले, आणि या आठवड्यात यातले आपल्याला काय करता येईल. समुद्रावरील वादळाचा भाग घेतला तेव्हा, जिचा नवरा ट्रॉलरवर जात असे अशा एका मावशीने जे सांगितले, तसे कोणत्याही छापील उपदेशात मला मिळाले नसते. तिला अक्षरओळखही जेमतेम आहे.

स्त्रियांनी उपासना चालवण्याची सवय लावायची असेल तर जागतिक प्रार्थना दिनापासून सुरुवात करावी. तो दर वर्षी मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो, १९२७ पासून जगभर पाळला जातो, आणि त्याचा उपासनाक्रम दर वर्षी वेगळ्या देशातील स्त्रिया तयार करतात. हातात लिहिलेला क्रम असल्यामुळे बोलायला घाबरणाऱ्या बायकाही आपापला भाग नीट वाचतात. एकदा वेदीजवळ उभे राहण्याची भीड चेपली की तीच बाई पुढे रविवारचा पाठ वाचायला तयार होते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. खाडीपलीकडच्या घरांना मुसळधार पावसात देवळापर्यंत येणे खरोखरच कठीण असते, आणि त्यांना आळशी ठरवणे अन्यायाचे होईल. आम्ही बुधवारची प्रार्थना त्या दिवसांत पाळीपाळीने घरोघर नेतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने त्या काळात पुरुष घरी सापडतात, ही त्यातली जमेची बाजू. यजमानीणबाईंना फक्त चहा करायचा, त्याबरोबर काहीही करायचे नाही, असा नियम आधीच घालून द्यावा. नाहीतर एकीने कांदाभजी केली की दुसरी घावन करते, तिसरीला ते परवडत नाही आणि ती आपल्या घरी प्रार्थना नको म्हणते. हे क्षुल्लक वाटेल, पण आमच्याकडे घरोघरची प्रार्थना एकदा याच कारणाने बंद पडली होती.

जे अंथरुणाला खिळलेले आहेत त्यांच्याकडे 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक घेऊन जावे आणि त्यांच्या आवडीचे गीत त्यांनाच विचारून म्हणावे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने येथे फार उपयोगी पडतात. ती पेटीशिवाय नुसत्या टाळांवरही म्हणता येतात, आणि टिळक मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, हे सांगितले की मुलांनाही जरा अभिमान वाटतो.

रायगडचा वाचक

मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे या चर्चेत कोकणातील एक उदाहरण मांडावेसे वाटते. अलिबाग तालुक्यातील नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली वंशपरंपरा सुरू झाली असे कोकणातील बेने इस्रायल हा यहुदी समाज मानतो. पिढ्यान् पिढ्या या लोकांजवळ ना रब्बी (यहुदी धर्मगुरू) होता, ना ग्रंथ. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मुलांची सुंता, शब्बाथ (शनिवारचा विसावा), खाण्यापिण्याचे काही नियम आणि "हे इस्राएला, ऐक" या अर्थाची शेमा ही प्रार्थना, एवढेच त्यांच्याजवळ उरले होते, आणि जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी ते तीच प्रार्थना म्हणत. त्यांच्या परंपरेतील कथा अशी की, दावीद रहाबी नावाचा यहुदी विद्वान कोकणात आला, त्याने तेथील स्त्रियांना शिजवण्यासाठी मिश्र मासळी दिली, आणि त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे वेगळे काढून घेतलेले पाहून ही आपली माणसे आहेत हे त्याने ओळखले. मग त्याने त्यांच्यातीलच काहींना शिकवून पुढारी केले.

या कथेचे मर्म मला असे दिसते की, ओळख टिकून राहिली ती स्वयंपाकघरात. तुमच्या मंडळीतही रविवारच्या उपासनेइतकेच रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेकडे लक्ष द्यावे, कारण ती दरड कोसळली तरी चुकत नाही. मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्षकांवाचून त्या समाजाचे बरेच काही विसरलेही गेले, आणि एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या यहुदी शिक्षकांकडून व काही अंशी स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतून ते पुन्हा शिकावे लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले ते याच लोकांना डोळ्यांपुढे ठेवून. तेव्हा आपले आपण चालवू, पाळक नसले तरी बिघडत नाही, असे म्हणण्यापर्यंत कोणी जाऊ नये.

जाता जाता एक गोष्ट. स्कॉटिश मिशनने १८२३ साली आपले काम सुरू केले ते कोकणात, बाणकोटला, आणि पुढे हर्णैला. परंतु दहा वर्षे होण्याच्या आतच कामाचा भर मुंबई व पुण्याकडे वळला. पाळकांनी घाट चढून जाण्याची आपली परंपरा तशी जुनीच म्हणायची.

मालवणची कॅथलिक वाचक

आपला पंथ वेगळा असला तरी हा प्रश्न आमच्या वाडीवरच्या चॅपेललाही पडतो, कारण फादर दर रविवारी सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. याविषयी रोमहून १९८८ साली स्वतंत्र मार्गदर्शिका निघालेली आहे. धर्मगुरू नसतील तेव्हा जमलेल्यांनी त्या रविवारचेच नेमलेले शास्त्रपाठ वाचावेत, प्रार्थना कराव्यात, आणि परवानगी असल्यास आधीच्या मिस्सेत (धर्मगुरूंनी चालवलेल्या उपासनेत) पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद नेमलेल्या सेवकाने द्यावा, असा त्याचा साधारण आशय आहे. उपासना चालवणाऱ्या सामान्य व्यक्तीने धर्मगुरूच्या खुर्चीवर बसू नये, असेही त्यात सांगितले आहे. आमचे कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) बाजूच्या साध्या खुर्चीवर बसतात. या छोट्या शिस्तीमुळे "हा स्वतःला फादर समजायला लागला" ही कुजबुज होत नाही, आणि गावात तीच कुजबुज चांगल्या माणसांना मागे हटवते. शेजारच्या सर्व चॅपेलांत त्या दिवशी तेच पाठ वाचले जात आहेत, ही जाणीवही एकटेपणा कमी करते.

खाडीकाठचा चिटणीस

सर्वांचे मनापासून आभार. वही आजच आणली आहे, आणि पाटीचे काम सहावीतल्या एका मुलाकडे सोपवले असून तो क्रमांक आतापासूनच मागू लागला आहे. छापील संदेश की प्रश्नोत्तरे, याबाबत वडिलांच्या बैठकीत असे ठरले की, एका रविवारी संदेश वाचावा आणि दुसऱ्या रविवारी देवगडच्या ताईंची पद्धत वापरून पाहावी. खुर्चीविषयीची सूचना आमच्या खजिनदारांना फारच आवडली, कारण त्यांच्याविषयी हीच कुजबुज पूर्वी झालेली आहे.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. व्हिडिओचा आग्रह धरणाऱ्या तरुणांना काय सांगावे? आणि मे महिन्यात मुंबईकर येतील, तेव्हा त्यांच्या शेरेबाजीला कसे तोंड द्यावे?

निवृत्त पाळक, कोल्हापूरकडील

व्हिडिओ सरसकट वर्ज्य करू नका. आठवड्यात एका संध्याकाळी तरुण एकत्र बसून तो पाहतील आणि नंतर त्यावर बोलतील तर उत्तमच, चालू द्यावा. रविवारच्या उपासनेत मात्र तो नको. पडद्यावरील उपदेशक कितीही विद्वान असला तरी तुमच्यापैकी एकाचेही नाव त्याला ठाऊक नसते, आणि त्याच्यापुढे बसलेल्या मंडळीला काहीच करायचे नसते, म्हणजे आपण फिरून होतो तिथेच येतो. शिवाय त्या उपदेशकाच्या तालमीत तयार झालेले कान महिन्यातून एकदा येणाऱ्या तुमच्या साध्या पाळकांची तुलना करू लागतात, हेही मी पाहिले आहे. त्या तरुणांपैकी जो सर्वांत जास्त वाद घालतो त्याला पुढच्या महिन्याच्या नव्या करारातील पाठांचे वाचन द्या. पाळकसाहेबांमार्फत डायोसिसकडे (बिशपांच्या धर्मप्रांताकडे) सामान्य सेवकांच्या प्रशिक्षणाविषयीही विचारणा करा आणि गेल्यास त्यालाच पाठवा. प्रवासखर्च मंडळीच्या दानातून द्यावा, त्याच्या खिशातून नव्हे.

देवगडकडची बहीण

मुंबईकरांना एप्रिलमध्येच पत्र पाठवावे. व्हॉट्सॲपवरचा निरोप लोक वाचून विसरतात, म्हणून शक्यतो कागदावरच लिहावे. वहीतील नोंदींवरून या वर्षात काय काय झाले ते त्यात चार ओळींत सांगावे, आणि कोणत्या रविवारी त्यांच्यापैकी कोणी कोणता पाठ वाचायचा, कोणी मुलांना गीत शिकवायचे, हे नावानिशी कळवावे. आमच्याकडे अशा पत्रानंतर एका चाकरमान्याने स्वतःहून विचारले की, पंखा बंद पडलेला दिसतो, तो दुरुस्त करायला किती खर्च येईल.